मामांच्या गाडीचं सुकाण

रस्ता सरळ असतो, हे आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात कधी मान्य केलं नाही. बोईसर ते नवापूर या रस्त्यावर त्यांची जुनी, आठ माणसं मावणारी, कधीकाळी पांढरी असलेली गाडी समोरून येताना दिसली की माहीतगार लोक सायकलवरून उतरून कडेला उभे राहतात. गाडी वेगात असते म्हणून नव्हे. मामांनी तिसरा गियर ओलांडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पण ती पुढच्या क्षणी कुठे जाईल हे तिचं तिलाही ठाऊक नसतं. मामा मात्र आत निवांत. दोन्ही हातांनी स्टेअरिंग इकडून तिकडे आणि तिकडून इकडे असं अखंड हलवत, नजर लांब कुठेतरी लावून बसलेले.

मामा नवापूरचे जुने तांडेल. म्हणजे बोटीवरचे मुख्य. सुकाण जन्मभर त्यांच्याच हाती. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी बोट विकली आणि बोईसरच्या एका ठेकेदाराकडून ही गाडी घेतली. ठेकेदाराने ती का विकली, हे मला पहिल्याच वळणावर कळलं. स्टेअरिंग चांगलं पाव चक्कर फिरवलं तरी गाडी ढिम्म. मग जरा वेळाने, तिची मर्जी झाली की, ती वळायची. दुसरा कोणीही असता तर त्याच दिवशी गॅरेज गाठलं असतं. मामा खूश झाले. "बराबर हाय," ते म्हणाले. "बोट तरी कुठं लगेच वलते? सुकान आदी द्यायचा, मंग वाट बगायची. घाई नाय करायची, जावयबापू." मी मूळचा साताऱ्याकडचा. मला समुद्रातलं काही कळत नाही अशी सासरी सर्वांची समजूत आहे, आणि ती खरी आहे. त्यामुळे मी सीटची कड तेवढी घट्ट धरली.

तेव्हापासून मामा वळण येण्याच्या बरंच आधी वळू लागले. नवख्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आता सरळ कोणाच्या तरी ओटीवर गाडी घालतो. पण नाही, ओटी निघून जायची, वळण यायचं आणि गाडी नेमकी तिथेच वळायची. त्यात मामांची करामत होती, हे मी शपथेवर सांगेन. गाडी डावीकडे ओढायची, त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. एकदा पालघरला आमच्या घरी येताना म्हणाले, "पश्चिमेचा वारा हाय, डावीकडं ढकलतो." संध्याकाळी त्यांच्याबरोबर परत जातानाही गाडी डावीकडेच ओढत होती. मी म्हटलं, "मामा, आता तर तोंड उलट्या दिशेला आहे. वारा अजून डावीकडेच कसा ढकलतो?" मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "वारा फिरतो, जावयबापू," ते म्हणाले.

मागचं दाखवणाऱ्या आरशात त्यांनी दाढीखेरीज काही पाहिल्याचं मला आठवत नाही. मागच्याने आपली काळजी आपण घ्यावी, असं त्यांचं साधं म्हणणं. गाडी लावली की "नांगर टाकला" म्हणायचे, आणि नारळी पौर्णिमेला गाव बोटींची पूजा करत असताना हे स्टेअरिंगला हार घालून त्यापुढे नारळ फोडायचे. नारळाचं पाणी एकदा डॅशबोर्डात गेलं आणि हॉर्न दिवसभर आपोआप वाजत राहिला. "देवाला पोचला," एवढंच ते म्हणाले.

या सगळ्यात मामी त्यांच्या शेजारच्या सीटवर असायच्या. सुक्या बोंबलांची टोपली मागे, मामी पुढे, पदर नीट खोचून, दोन्ही हात मांडीवर. बोईसरच्या बाजाराला जायचं ते असंच. त्या गाडीत फारसं बोलत नसत. मामाही बोलत नसत. पण मामी शेजारी असल्या की मामांची मान जरा ताठ व्हायची, हे आमच्या हिने मला दाखवून दिलं होतं.

मग वाणगावचा प्रकार झाला. मामींच्या भाचीच्या साखरपुड्याला आम्ही चौघं वाणगावला निघालो होतो. वाणगावच्या अलीकडे एक वळण आहे, शेजारी मिरचीची वाडी. मामांनी नेहमीसारखं आधी सुकाण दिलं आणि वाट पाहिली. त्या दिवशी गाडीने मात्र वळायचं नावच घेतलं नाही. ती शांतपणे रस्ता सोडून, कुंपण मोडून, मिरच्यांत शिरली आणि मधोमध उभी राहिली. कुणाला काही झालं नाही. पण आमच्या गाडीने जिथे रस्ता सोडला त्याच जागेवरून लगेच एक ट्रक गेला, आणि तो आम्हा सगळ्यांना दिसला. वाडीवाल्याची बोलणी मामांनी खाली मान घालून ऐकली. मामी उतरल्या, साडीला लागलेली माती झटकली, आणि म्हणाल्या, "सुकान बरा होत नाय तवर मी या गाडीत बसायची नाय." साखरपुड्याला त्या चालत गेल्या. परत आल्या रिक्षाने. पुढे बाजाराला जायलाही टोपली घेऊन रिक्षाच.

मामांनी दुरुस्तीला साफ नकार दिला. "गाडीत काय खोट नाय. त्या दिशी माजा अंदाज चुकला." असे बरेच दिवस गेले. मामा रिकाम्या गाडीतून बाजारापर्यंत मामींच्या रिक्षामागून जायचे आणि मागूनच परत यायचे. सगळा बोईसर बाजार ही मिरवणूक बघायचा.

एका दुपारी ते आमच्या पालघरच्या घरी आले. मी कारखान्यातून नुकताच आलो होतो. चहा झाला, बशी खाली ठेवली, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "आमच्यात बायका बोटीवर येत नाय. पद्दतच नाय. मी जन्मभर सुकान धरला, गावातल्या पोराटोरांनी बगितला, पन तिनं कदी जवलून नाय बगितला. ती बंदरावर उभी. मला वाटायचा, एकदा तरी बाजूला बसावी. म्हनून तर गाडी घेतली." मग म्हणाले, "ती बाजूला नाय तर मी कोनाला फिरवू?" मामा खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांनी गाडीची चावी माझ्यापुढे सरकवली. "तुमीच गॅरेजला घेऊन जा. मला बगवायचा नाय."

बोईसरच्या मेकॅनिकने गाडीखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. "साहब, ये चल कैसे रही थी?" एवढं त्याने विचारलं. झिजलेला सांधा न् सांधा त्याने बदलला. मी गाडी नवापूरपर्यंत आणली तेव्हा ती बोटाने वळत होती. मला वाटलं, झालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी मामा चालवायला बसले, शेजारी मी. गल्लीचं पहिलं वळण लांब असतानाच त्यांनी सवयीने आधी सुकाण दिलं. गाडीने ते लगेच ऐकलं. आम्ही तडक शेजाऱ्यांच्या बोंबील वाळवायच्या दोऱ्यांत घुसलो, काचेवर, बोनेटवर, आरशावर बोंबील. बोंबलांची मालकीण काठी घेऊन आली. मामा हात स्टेअरिंगवरच ठेवून बसले होते. "या गाडीला धीर नाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खचलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर ते एकटेच मेकॅनिककडे गेले आणि गाडी होती तशी ढिली करून दे म्हणून अडून बसले. "चाचा, लोग टाइट करवाने आते हैं," तो हात जोडून म्हणाला, आणि त्याने पान्याला हातही लावला नाही. आता ढिल्या गाडीत मामी बसणार नाहीत, आणि घट्ट गाडी मामांना चालवता येणार नाही. मामांनी गाडीवर ताडपत्री टाकली. पावसाळ्यात बोट वर ओढून झाकतात, तशी चारी बाजूंनी दोरीने आवळली.

ताडपत्री मामींनीच काढली. आमची ही आणि मी तेव्हा तिथेच होतो. एक एक गाठ सोडत त्या म्हणाल्या, "सुकान बरा झाला ना? मी बोलली होती, बरा झाला का बसेन." मामा म्हणाले, "मला नाय जमत. कुठंतरी घालीन." मामी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, पदर खोचला, हात मांडीवर ठेवले. नाइलाज झाल्यासारखे मामा चढले. मागे आमची ही देवाचं नाव घेत, आणि मी दाराची कडी धरून.

गल्लीचं वळण लांब दिसलं आणि मामांचे हात हलायला लागले. "नाय," मामी म्हणाल्या. हात थांबले. गाडी पुढे गेली, बोंबलांच्या दोऱ्या गेल्या, त्यांच्या मालकिणीने टोपली उचलून आत नेली. "नाय. नाय." वळण अगदी नाकासमोर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता." मामांनी फिरवलं आणि गाडी कशालाही न लागता वळली.

अजूनही ते असेच बाजाराला जातात. गाडीला आता कुठलीच खोट नाही, तरी मामा एकटे तिला हात लावत नाहीत. परवा मी मागे बसलो होतो. न राहवून विचारलं, "मामी, तुम्हाला गाडी चालवता येत नाही, मग वळायचं कधी ते कसं कळतं?" मामी समोरचा रस्ता सोडून इकडेतिकडे बघत नाहीत. तशाच म्हणाल्या, "बोट खाडीच्या तोंडाशी यायची ना, तवा मी बंदरावर उभी राहून रोज बोलायची, आता वलव, आता वलव. यांना कुठं ऐकू जायचा."

पुढे नवापूरचं वळण दिसत होतं. मामांनी हात स्टेअरिंगवर स्थिर ठेवले आणि मामींच्या शब्दाची वाट बघत राहिले.