हात झिणझिणला पायजे

आमच्या दुकानात मी रोज संध्याकाळी झाडू मारते. सकाळी पाहावं तर लाकडाचा बुरादा पुन्हा तिथंच! किश्श्यांचंही तसंच आहे. कितीही सांगून टाका, दुसऱ्या दिवशी बाकाखाली नवे साचलेले असतात.

कोंढ्याला आमचं चेनसॉ रिपेअरिंगचं दुकान आहे. म्हणजे झाडं कापायच्या मशीनचं. दुरुस्ती आमचे हे करतात. मी काउंटरवर बसते, चेन विकते, ऑइल विकते, आणि कोणी काही टेक्निकल विचारलं की आत मान वळवून "अहो" म्हणते. माझ्या बी.कॉम.चा एवढाच काय तो उपयोग.

* * *

आसगावचे मेश्राम काका एक दिवस ऑटोतून आले. मांडीवर त्यांची जुनी मशीन, नातवाला घ्यावं तशी धरलेली. काका चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालेले. खाणीत खाली टेकू द्यायला जी लाकडं लागतात, ती ते यार्डात कापायचे. यार्डाने ही मशीन भंगारात काढली तेव्हा काकांनीच ती घरी आणली. आता कित्येक वर्षांत ती चालू झाली नव्हती.

मागून काकू उतरल्या. त्या दुकानात आल्याच नाहीत, उंबऱ्यावरूनच ह्यांना म्हणाल्या, "हे पाहा मिस्त्री, घराले रंग देऊन राहिलो आमी. रंग होयेपर्यंत चालू झाली तं राहील. नाही तं भंगारवाल्याच्या गाडीत जाईल."

काकांना याच मशीनच्या कृपेने कमी ऐकू येतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणते?"

"लवकर करा म्हणतात," मी म्हटलं.

काका खुश झाले. "तिले बी लय जीव आहे मशीनीवर."

मग काकूंनी मला बाजूला घेऊन पाढा वाचला. चिखल्याला असताना काका रोज सकाळी क्वार्टरसमोर मशीन गरम करायचे. अख्खी लाइन जागी व्हायची. "आवाज झाला का मी डबा घेऊन दारात. आन् हे तिकडं जाऊन सगळ्याईले डबा वाटत. घरी येत ते उपाशी!" एवढं बोलून त्या ऑटोत जाऊन बसल्या.

* * *

ह्यांनी मशीन खोलली आणि हातातला चहा विसरले. मला बोलावून इंजिन दाखवलं. मला लग्नात दागिनेसुद्धा इतक्या प्रेमाने दाखवले नव्हते.

जुन्या मशीनच्या इंजिनांत म्हणे दोन जाती. एकात पिस्टनच वरखाली होताना हवेचं दार उघडतो नि लावतो. ते पिस्टन-पोर्ट. खूप रेस केलं की जोरात, हळू असलं की मरगळलेलं. दुसऱ्यात हवेच्या दाराशी पातळ पाती असते, तिला रीड म्हणतात. ते इंजिन हळू चालतं, पण ओढतं दमदार. काकांची मशीन रीडवाली.

"तुह्या माहेरचे सारे पिस्टन-पोर्ट," हे म्हणाले. "बोंबलल्याशिवाय कामाले लागत नाही. आमच्या घरचे रीडवाले. कधी बंद पडत नाही."

"बंद कसे पडतील?" मी म्हटलं. "चालू कधी झाले?"

* * *

मशीनमध्ये स्पार्क येत नव्हता. जुन्या मॉडेलमध्ये ठिणगी पाडायला पॉइंट असतात, स्कूटरमध्ये असायचे तसे. ते घासावे लागतात. हे पाकिटात काचकागदाची पट्टी ठेवतात, त्यासाठीच. त्याच कप्प्यात पूर्वी माझा फोटो होता. मी एकदा विचारलं, फोटो कुठे गेला म्हणून.

"फोटोनं स्पार्क येत नाही," हे म्हणाले.

पण काकांच्या मशीनचे पॉइंट घासण्यापलीकडे गेले होते. तिकडे आसगावात पुढच्या खोलीचा रंग झाल्याची खबर आली.

* * *

पार्ट शोधायचं काम वसंताला दिलं. वसंता गावोगावी झाडं कापतो, कुणाच्या माळ्यावर काय पडलंय हे त्याला ठाऊक.

या वसंताचीही एक गंमत आहे. त्याची जुनी मशीन काकांच्याच जातीची होती. तिच्यात चेनला तेल आपोआप जात नाही, अंगठ्याने बटण दाबत राहावं लागतं. पुढे त्याने नवी घेतली. तिचा पंप ऑटोमॅटिक, पण अंगठा कुठे ऑटोमॅटिक? चालत्या गाडीवर तो सेल्फ दाबायचा. चहा पिताना कप दाबायचा. त्याची बायको तर रुसून माहेरी जायच्या बेतात होती. म्हणाली, "मी बोलत असलो का फोन कट करते, वहिनी."

ह्यांनी तिला अर्धा तास ऑइल पंप समजावून सांगितला. तिला काय कळलं माहीत नाही, पण राहिली.

* * *

वसंताने पवनीच्या एका आरागिरणीतून काकांच्या मशीनची जुळी बहीण आणली. तोच रंग, तेच धूड. फक्त नंतरचं, पॉइंट नसलेलं मॉडेल. ह्यांनी तिचं इलेक्ट्रॉनिक कॉइल काकांच्या मशीनला लावलं आणि दोरी ओढली.

इंजिन उलटं फिरलं. दोरी ह्यांच्या हातातून सुटली आणि हे बुराद्यात बसले. दोघींचं आतलं चुंबकाचं चाक वेगळं निघालं, त्यामुळे ठिणगी भलत्याच वेळी पडत होती.

"अहो, जुळ्या असल्या तरी स्वभाव वेगळा असतो," मी म्हटलं. त्या दिवशी मला चहा माझा मीच करून घ्यावा लागला. तसा रोजच घ्यावा लागतो.

* * *

मग ह्यांनी मोठंच काम केलं. जुळ्या बहिणीचं अख्खं इंजिन हँडलसकट काढलं आणि वरून काकांच्या मशीनची घासलेली कव्हरं चढवली. कुणाला ओळखू आलं नसतं. मशीन लगेच सुरूही झाली. काका आले, हँडल धरलं, रेस करून पाहिली. मग त्यांनी ती हळूच बंद केली.

"लय चांगली चालते," ते म्हणाले. "पण माही नाही जी."

"काहून काका?" ह्यांनी ओरडून विचारलं.

"माह्या मशीनीनं हात झिणझिणते."

नंतरच्या मॉडेलमध्ये हँडल आणि इंजिनच्या मध्ये रबर असतं, हातांना त्रास होऊ नये म्हणून. कंपनीने एवढा विचार करून रबर दिलं, आणि काका ते नको म्हणून परत निघाले. जाताना मला म्हणाले, आता फक्त रांधणीची, म्हणजे स्वयंपाकघराची, भिंत राहिली आहे.

* * *

आमच्या मागच्या अंगणात माझ्या बाबांची स्कूटर उभी असते. बाबा गेल्यावर मी ती माहेरून आणली. मला चालवता येत नाही, तिला चालता येत नाही, असं आमचं बरं चाललं होतं. हे त्या संध्याकाळी तिच्याभोवती घिरट्या घालू लागले, तेव्हाच मी समजले.

"घ्या," मी म्हटलं.

स्कूटरचे पॉइंट कानशीने घासून घासून ह्यांनी काकांच्या जुन्या इंजिनात बसवले. निळा स्पार्क पडला.

"शेवटी माहेरचंच कामाले आलं," मी म्हटलं. हे रीडवाले, कव्हर चढवायला लागले.

* * *

सकाळी आम्ही मशीन घेऊन आसगावला गेलो. पेंटर शिडीवर चढलेला, रांधणीची बाहेरची भिंत अर्धी झालेली. काकू आत. फाटकाशी वजनकाटा लावलेली भंगाराची गाडी. काकूंनी बोलावूनच ठेवली होती.

ह्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. धूर आला, मशीन बसली. भंगारवाला जवळ येऊन उभा राहिला. मला रांधणीच्या खिडकीकडे पाहायची हिंमत होईना.

"आना इकडं," काका म्हणाले. त्यांनी पाय मशीनच्या हँडलवर ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि दोरी ओढली.

पेंटर शिडीवरून अर्धा खाली आला. गल्लीतली कुत्री पळाली. काका मशीन धरून उभे होते, डोळे मिटलेले, गालाचं मांससुद्धा हलत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी ती बंद केली, उजवा हात उघडून पाहिला आणि आम्हाला दाखवला.

"झिणझिणते," ते म्हणाले.

तेवढ्यात काकू दारात आल्या. हातात डबा. तीन पुडांचा, कडीला सुतळी बांधलेला. पायऱ्या उतरून त्या सरळ काकांपाशी गेल्या आणि डबा त्यांच्या हातात दिला.

"आज तरी सगळ्याईले वाटत नका बसू," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी आमच्याकडे पाहिलं नाही, काय म्हणते म्हणून विचारलंही नाही.

"हव," मान डोलावून काका म्हणाले.