पिंजाऱ्याची दुपार

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे अकोल्याला जठारपेठेजवळच्या वृद्ध सेवा केंद्रात आम्हा नर्सिंगच्या मुलींची ड्युटी लागली, तेव्हा मोठ्यानं बोलायचीही मला भीती वाटायची.

तिथे एक चाचा होते. विसरण्याच्या आजारानं त्यांना मुलीचं नावही आठवत नव्हतं. दिवसभर ते खुर्चीत पेंगायचे आणि रात्री जागून गादीची शिवण उसवायचे, आतला कापूस ओढायचे. इन्चार्ज सिस्टर थकून गेल्या होत्या. "शनिवारी डॉक्टर येतील, तेव्हा झोपेची गोळी सुरू करायला सांगते," त्या म्हणाल्या. चाचांना भेटायला आलेल्या त्यांच्या मुलीचा चेहराच उतरला. मागे अशाच गोळीनंतर चाचा तोल जाऊन पडले होते.

मी तिला हळूच विचारलं, "चाचा आधी काय करायचे?"

"अकोटले गाद्या भरत. पिंजारी होते," ती म्हणाली. "ते गादी फाडून नाही राहिले बाई, धंदा करून राहिले!"

दिवसा उजेडात, कामात ठेवलं तर अशा रुग्णांची रात्रीची झोप सुधारू शकते, असं आम्हाला शिकवलं होतं. मी अडखळत सिस्टरना तेच सांगितलं आणि दुपारी व्हरांड्यात चाचांना एक उशी पिंजायला देऊ का, असं विचारलं.

"शनिवारपर्यंत करून पाहा. पण व्हरांडा तूच झाडशील," त्या म्हणाल्या.

मी घरून जुनी उशी आणली आणि दुपारी व्हरांड्यातल्या उन्हात चाचांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती दाबली. कपाळाला आठ्या पडल्या.

"किसने भरी?"

"माझ्या आईनं."

"आईले सांग, उशीत कापूस भरतात, ढेकळं नाही."

मग त्यांची बोटं चालू लागली. शिवण उसवली, गोळे सुटले, कापूस फुलला, त्यांच्या दाढीत आणि माझ्या केसांत जाऊन बसला. शेजारच्या खुर्चीतल्या आजी ओरडल्या, "ओ भाऊ, माह्या चहात पडून राहिला ना कापूस!"

"पिऊन घ्या बाई. थंडीत पोट गरम राहते."

आजी इतक्या हसल्या की उरलेला चहा सांडला. ती सारी दुपार चाचा एकदाही पेंगले नाहीत.

पहिल्या रात्री ते जागेच होते, पण गादीला हात लावला नाही. आम्ही रोज दुपारी उशी देत राहिलो. शुक्रवारी सकाळी रात्रपाळीची मावशी मला फाटकातच भेटली.

"तुया चाचा रातभर घोरला वं! तो झोपला अन मले जागवलं."

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. धीर झाला नाही, नुसतीच हसत उभी राहिले.

शनिवारी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "गोळी नको. हेच चालू ठेवा," ते म्हणाले. प्रत्येक रात्र अशी जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी धावतच व्हरांड्यात गेले. चाचांसमोर आजी स्वतःची उशी काखेत धरून उभ्या होत्या.

"भाऊ, माही कवा करता?"

चाचांनी उशी दाबून पाहिली, मान हलवली.

"कल आना. आज गिऱ्हाईक लय हाय."