गोठा क्रमांक एक

आमच्या म्हशीच्या गोठ्यावर नोटीस सरकारने आणली नाही, मी आणली.

हिंदी मुलखातल्या आमच्या रिसाली वस्तीत रस्ता रुंद व्हायचा होता, म्हणून मोजणीवाले नकाशा करत होते. त्यांच्या तक्त्यात रकाने तीनच: पक्कं घर, झोपडी, इतर. गोठा इतर, खुराडं इतर, पेंढ्याची खोपीही इतर! कष्टकऱ्यांच्या गोठ्याला नाव नाही? मी लगेच पत्रक काढलं: ‘आम्ही इतर नाही!!!’ (तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, उद्गारचिन्हाशिवाय मला श्वास घेता येत नसे.)

मग सायकलवर वस्ती पालथी घालून मी सतरा प्रकार काढले. एका बाजूने उघडा गोठा, दोन बाजूंनी उघडा गोठा, जमिनीवरचं खुराडं, छपरावरचं खुराडं... सुरुवात घरापासून केली, म्हणून गोठा क्रमांक एक आमचा. नकाशा रंगवून मोजणीच्या कार्यालयात नेऊन दिला. साहेबांनी चहा पाजला. तेव्हाच शंका यायला हवी होती.

पंधरा दिवसांत नोटीस! ‘इतर’चं काय करायचं हे नियमात कुठेच नव्हतं, म्हणून इतकी वर्षं कोणी हात लावला नव्हता. गोठ्याचं मात्र स्पष्ट होतं: हटवा. आत माणूस राहत असेल तरच थांबा.

आईने नोटीस माझ्याकडूनच वाचून घेतली.

“कावून रे, तुले कोनं सांगतलं होतं हे?”

“आई, प्रश्न अस्मितेचा आहे.”

“म्हशीनं अर्ज देल्ला होता का तुले?”

स्टील प्लांटमध्ये कारकुनी करणाऱ्या बाबांनी नकाशा न्याहाळला आणि अक्षर सुधारलंय एवढंच म्हणाले. आईने मात्र माझी खाट, कपडे आणि पत्रकांचा गठ्ठा उचलून गोठ्यात टाकला. “राह्य आता अठीच. मानूस दिसला पाह्यजे.” (गोठा क्रमांक दोनवाल्या साहूजींनी ऐकलं आणि तडक सासऱ्यांना आपल्या गोठ्यात बसवलं.)

तिसऱ्या दिवशी साहेब आले, हातात माझाच नकाशा. मी खाटेवर ताठ बसलेलो, म्हैस शांतपणे पत्रकं खात होती.

“आप यहाँ रहते हैं?”

“जी,” मी बाणेदारपणे म्हणालो.

“लहानपनापासून,” दारातून आई म्हणाली.

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा म्हशीकडे. मग ‘गोठा’ खोडून लिहिलं: राहण्याची खोली. राहणारे: म्हैस एक, इतर एक.

आयुष्यात पहिल्यांदाच मी निषेध नोंदवला नाही.