शेषारत्नम्मांनी सोडलेला आंबा

आंध्रातल्या अमलापुरमच्या शेषारत्नम्मांना काशी-गयेच्या यात्रेला न्यायचं म्हणजे अर्धं घर न्यायचं, हे यात्रा काढणाऱ्या सोमयाजुलूंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आधीच बजावलं, "माणशी एक पिशवी. पाप सोडायला निघालोय, बिऱ्हाड हलवायला नाही."

बाईंनी ऐकलं. पिशवी एकच आणली. अंगावर मात्र तीन साड्या एकावर एक, आणि कडेवर बाळासारखी, धोतरात गुंडाळलेली चिनी मातीची बरणी.

"अम्मा, हे काय?"

"हे सामान नाही. आवकाय आहे."

सोमयाजुलूंनी बरणीला वाट दिली. गोदावरीकाठच्या माणसाला कैरीच्या त्या लालभडक लोणच्यावाचून भात कसा उतरणार? त्यातून बरणी सासूची. सासूनं शेवटची सहा वर्षं धाकट्या सुनेकडे, बुल्लेम्माकडे काढली. तिचं अंथरूण-पांघरूण, हगणंमुतणं बुल्लेम्मानं काढलं. बाराव्याला बरणी शेषारत्नम्मांनी उचलली, "थोरली मी" म्हणून. जावांचा अबोला तेव्हापासूनचा, अठरा वर्षांचा. घरी ठेवली तर बुल्लेम्मा नेईल, म्हणून बाई माहेरीही बरणीसकट जात. आता खुद्द बुल्लेम्माच मागच्या बाकावर बसली होती. पण सवय ती सवय.

गयेला वडाखाली एक भाजी आणि एक फळ जन्माचं सोडायचं असतं. आवडीचं. बसमधल्या मंडळींनी त्याची तोड आधीच काढून ठेवली होती. शेषारत्नम्माही कारलं आणि कवठ सोडणार होत्या. दोन्ही त्यांनी जन्मात तोंडात घातलं नव्हतं.

पंड्यानं हातावर पाणी घातलं. कारलं सुटलं. तेवढ्यात बुल्लेम्मा शेजारणीला म्हणाली, लेकी बोले सुने लागे, "काही माणसं देवालाही शिळं वाढतात बाई! चाखलंच नाही ते सोडलं म्हणे. बरणी कवटाळून बसणाऱ्यांच्यानं काय सुटणार?"

बाईंचं डोकं फिरलं. "मामिडी!" त्या ओरडल्या. मामिडी म्हणजे आंबा. "मामिडी सोडली मी!"

पंड्यानं पाणी सोडलं आणि पुढच्याला बोलावलं.

बाई ताठ मानेनं बसमध्ये चढल्या. वर्षाला चार आंबे गेले, त्यात काय! दुपारी पानं वाढली. भातावर तूप पडलं, बरणीचं फडकं सुटलं, चमचा आत गेला. सोमयाजुलू खाकरले.

"अम्मा, तुम्ही 'पंडू' म्हणालात का?"

"म्हणजे?"

"मामिडी-पंडू म्हणजे पिकलेला. मामिडी-काय म्हणजे कैरी. तुम्ही नुसतं मामिडी म्हणालात. त्यात दोन्ही आलं."

"त्या पंड्याला काय कळतंय पंडू नि काय!"

"त्याला नाही कळत. वडाला कळतं."

ड्रायव्हर म्हणाला, "परत जाऊन बदलून नाही का मिळणार? दुकानात देतात की!"

कुणीतरी हसलं. बाईंनी चमचा बाहेर काढला. खोटं बोलायला त्या कधी कचरल्या नव्हत्या. पण हातावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

काशीत दोन दिवस त्यांनी नुसता ताकभात खाल्ला. बरणी मांडीवर, वास नाकात, तोंडाला पाणी. तिसऱ्या दिवशी बस परत निघाली तेव्हा त्या उठल्या, मागच्या बाकापर्यंत गेल्या आणि बरणी बुल्लेम्माच्या ओटीत ठेवली.

"घे. माझी मांडी मोडली."

बुल्लेम्मा बराच वेळ बरणीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. तिथं एक टवका उडालेला होता. "सासूबाई शेवटी शेवटी यातल्या तेलाचं एक बोट मागायच्या, अक्का," ती म्हणाली. "बरणी तेव्हा माझ्याच घरात होती."

शेषारत्नम्मा तिथंच टेकल्या. डोळे पुसले. मग बरणीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "लाकडी चमचा घाल हो. तेल वर राहू दे."

"अठरा वर्षं स्टीलचाच घातलास ना? म्हणून तर कडेला बुरशी!"

"बुरशी? कुठाय बुरशी? दाखव!"

गावाजवळचं राजमहेंद्री येईपर्यंत दोघी एकाच बाकावर बसून भांडत होत्या. बाईंची पिशवी पुढेच राहिली. तिची त्यांना आठवणही झाली नाही.