सुलटी भांडी
भांडी धुण्याच्या मशीनचं दार उघडलं की साबणाची गरम वाफ तोंडावर येते आणि मला बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमधला तो उन्हाळा आठवतो. सासरे दवाखान्यात भरती होते. सकाळी मी मशीनमध्ये भांडी लावून डबा घेऊन निघायची, बटण नंतर सासूबाई दाबायच्या. परत यावं तर भांडी खरकटीच, आणि पाणी कमी पडल्याचा लाल दिवा लुकलुकत असायचा. नळ पूर्ण उघडा होता, पाइप कुठे दुमडला नव्हता. जाळी घासून झाली. मेकॅनिकसमोर रिकामी मशीन व्यवस्थित चालली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी येत होतं, तर जात कुठे होतं? शेवटी एकदा मी मशीन मध्येच थांबवून दार उघडलं. मी पालथी ठेवलेली पातेली, दुधाचा मोठा गंजसुद्धा, सगळी सुलटी होती आणि पाण्यानं काठोकाठ भरली होती. "आई, हे काहून असं?" मी विचारलं. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "घरचा माणूस दवाखान्यात हाये न वं," त्या म्हणाल्या, "भांडं पालथं घालाले हातच नाही होऊन राहिला माह्या." तेव्हापासून मी भांडी हातानंच घासली. सासरे घरी आले त्या दुपारी त्यांनी एकेक पातेलं स्वतः पालथं घालून मशीन लावली, आणि आत पाणी भरत असल्याचा आवाज ऐकत आम्ही दोघी उभ्या राहिलो. घरचं कुणी आजारी असताना भांडं पालथं न घालणं ही सासूबाईंच्या माहेरची रीत होती की भीतीपोटी सुचलेलं काही, ते मला अजूनही कळलेलं नाही.