काळ्या अस्वलासाठी कुठली रायफल

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एका झुरळावर चप्पल नीट मारलेली नाही. मारायची वेळ आली की तो आधी चप्पल निवडतो, आणि तोवर झुरळ सिंकखाली जाऊन संसाराला लागतं. अशा माणसाने कॅनडातल्या काळ्या अस्वलासाठी कुठली रायफल घ्यावी याचा अभ्यास सुरू केला, तेव्हा मी पोट धरून हसले होते. वर्षभराने त्या विषयाचं नाव काढलं तरी माझं डोकं दुखायला लागायचं.

आम्ही तेव्हा शारजात, अल नहदाला राहत होतो. नवरा दुबईत एअर कंडिशनिंगच्या कंपनीत एस्टिमेशनला होता, मी एका नर्सरीत शिकवत होते, मुलगी नववीत. सगळं छान चाललं होतं, फक्त ते कुणाच्या तरी मर्जीवर चाललं होतं. दर तीन वर्षांनी व्हिसा नवा करायचा आणि नोकरी गेली की चंबूगबाळं उचलायचं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाची कंपनी बंद पडली, आणि महिन्याभरात ते घर रिकामं झालं. त्यांच्या मुलाची सायकल लिफ्टपाशी कितीतरी दिवस तशीच उभी होती. ती बघितली आणि मी नवऱ्याच्या मागे लागले. जिथून आपल्याला कोणी ‘आता जा’ म्हणणार नाही असा एक देश मला हवा होता.

कॅनडाचे कागद भरले ते माझ्या हट्टाने. वाट बघून डोळे शिणले, मग मुलाखत झाली, मेडिकल झालं आणि एकदाचे व्हिसा लागले. आता मेडिकलपासून वर्षाच्या आत, म्हणजे मार्च संपायच्या आधी, तिथे उतरायचं होतं. नाही उतरलो तर सगळं पहिल्यापासून. अर्ज नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे त्याच्याशिवाय मला आणि मुलीला पुढे जाता येत नव्हतं. म्हणजे माझ्या सगळ्या आयुष्याची किल्ली चप्पल निवडणाऱ्या माणसाच्या खिशात होती.

आणि तो रायफल निवडत होता.

हे खूळ त्याच्या मित्राने डोक्यात घातलं होतं. मित्र पूर्वी आमच्याच गल्लीत राहायचा, साइटवर प्रोजेक्ट इंजिनियर होता. बायको-मुलाला सांगलीला सासरवाडीत ठेवून तो एकटा कॅनडाला गेला, ‘सेटल झालो की बोलावतो’ म्हणून. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. सुरुवातीला मी उत्साहाने शेजारी बसायचे. घरभाडं किती, शाळा कशा, नोकरी मिळायला किती दिवस लागतात, हे सगळं मला ऐकायचं होतं. पण मित्र एकदा म्हणाला की इकडे लोक पानगळीच्या दिवसांत अस्वलाच्या शिकारीला जातात, मीही जातो, तू आलास की आपण दोघं जाऊ. झालं. त्यानंतर दर शुक्रवारी तासभर रायफल.

काही केल्या ते शब्द कानांवर पडायचेच, त्यामुळे मलाही सगळं पाठ झालं. काळं अस्वल बहुतेक वेळा जवळूनच मारतात, शंभर यार्डांच्या आत, झाडावर मचाण बांधून. त्यामुळे लांब पल्ल्याची रायफल लागत नाही. पण त्याच्या अंगावर केस दाट आणि खाली चरबीचा थर. जखम झाली तरी रक्त बाहेर फारसं गळत नाही आणि जनावर झाडीत शिरलं की सापडत नाही. म्हणून गोळी खोल जाणारी हवी. थर्टी ऑट सिक्स चांगली, काडतुसं कुठेही मिळतात. थ्री नॉट एट तिच्याहून थोडी आखूड, धक्का कमी. फॉर्टी फाइव्ह सेव्हंटी म्हणजे जुन्या पद्धतीची, खालचा लिव्हर ओढून भरायची, गोळी जाड आणि संथ, झाडीत उत्तम. आणि मॅग्नम म्हणजे अस्वलाबरोबर मारणाऱ्याचा खांदाही जायचा. हे मी भाजी चिरता चिरता शिकले. मला कुणी विचारलं नव्हतं.

आपल्या माणसांची खरेदीची एक रीत असते. वस्तू आवडली म्हणून कोणी घेत नाही. आधी चौकशी करायची, मग ज्याच्याकडे ती वस्तू आहे त्याच्या घरी जाऊन बघायची, मग ज्याच्याकडे ती नाही त्याचं मत घ्यायचं, कारण तो का घेत नाही हेही कळायला हवं. आमच्याकडे मिक्सर असाच आला होता. रायफलही याच रस्त्याने निघाली. शारजातल्याच रोल्ला भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून नवरा शिकारीची इंग्रजी मासिकं आणू लागला. ‘पाच दिरहमला एक, म्हणजे साठ रुपये फक्त,’ असं मलाच ऐकवायचा. शुक्रवारी घरी जमणाऱ्या मंडळींपुढे बटाटेवड्यांबरोबर ती मासिकं ठेवली जायची.

आणि ती मंडळी तरी काय. एकाच्या आजोबांकडे कोकणात रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, तेवढ्या भांडवलावर तो फॉर्टी फाइव्ह सेव्हंटीचा कैवारी झाला.

“अरे, जनावर अंगावर आलं ना, तर जाड गोळीच थांबवते. एक ठो, खलास,” तो म्हणायचा.

दुसरा अकाउंट्समध्ये होता. तो म्हणायचा, “रीसेल व्हॅल्यू बघ. थर्टी ऑट सिक्स कधीही विकली जाते. आणि सर्व्हिसिंगचं काय?”

एकदा दोघांचं इतकं वाजलं की एक जण चहा न घेता उठून गेला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मी तोवर नुसती ऐकली होती. त्या दिवशी माझ्या दिवाणखान्यात ती बघायला मिळाली.

जानेवारी उजाडला तशी माझी झोप उडाली. मी रोज एकच विचारायचे, “अहो, तिकिटं कधी काढायची?”

“काढू गं. थांब जरा, हे एक ठरू दे.”

“काय ठरू दे?”

“रायफल. तिथे गेल्यावर धावपळ होईल, मग हे राहून जातं.”

लोक घर ठरवतात, मुलांची शाळा ठरवतात. मी वाकडंतिकडं बोलले, रडले, दोन दिवस अबोला धरला. तो शांतपणे मासिकात खुणा करत बसायचा. मुलगी खांदे उडवून म्हणायची, “आई, जस्ट बुक इट युअरसेल्फ.” तिला वाटायचं तितकं ते सोपं नव्हतं. बुक मी केलं असतं, विमानात बसायला तो लागत होता.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी तो आम्हाला उम्म अल कुवैनला घेऊन गेला. मला सांगितलं होतं, समुद्रावर जाऊ. गाडी थांबली ती नेमबाजीच्या क्लबपाशी. तिथे शिकवणारा एक निवृत्त पाकिस्तानी सुभेदार होता, आणि एक हौशी लोकल, म्हणजे तिथलेच अरब गृहस्थ आपली मॅग्नम घेऊन आले होते. नवऱ्याने त्यांच्याशी आधीच संधान बांधलेलं. वर्षभर ज्या रायफलला सगळ्यांनी एकमुखाने नको म्हटलं होतं, नेमकी तीच याला झाडून बघायची होती.

“साब, आँख दुर्बीन से दूर रखो. बहुत दूर,” सुभेदार पुन्हा पुन्हा सांगत होता.

“यल्ला, हबीबी,” म्हणजे चल मित्रा, असं लोकल गृहस्थ हसून म्हणाले.

नवऱ्याने चाप ओढला. आवाज असा झाला की माझ्या दाढा हलल्या. रायफल मागे आली, तिच्यावरची दुर्बीण त्याच्या भुवईवर आदळली आणि तिथे कोयरीच्या आकाराची जखम झाली. रक्त शर्टावर, रक्त चष्म्यावर. मुलगी म्हणाली, “बाबा, सीरियसली?” आणि तो, डोळ्यावर रुमाल दाबून, सुभेदाराला विचारत होता की धक्का खांद्याच्या नेमका कुठल्या भागात बसायला हवा. दवाखान्यात टाके पडले. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही, कारण बोलले असते तर ते मुलीसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

तो औषध घेऊन झोपला आणि मी फोनचं कार्ड खरवडून कॅनडाला फोन लावला. मित्राकडे तेव्हा सकाळ होती. मी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली.

“भाऊजी, तुमच्या त्या अस्वलापायी आज यांचा डोळा जायचा होता. मार्च संपत आला की आमचे व्हिसा संपतात. हात जोडते, ती शिकार बंद करा.”

मग तो म्हणाला, “वहिनी, शिकार नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“मी कधी गेलोच नाही. अस्वल मी टीव्हीवर पाहिलंय. मी गोदामात खोकी लावतो, रात्रपाळीला. आत्ताच आलो. दिवसा लायब्ररीत जाऊन बसतो, तिथे माणसं दिसतात आणि शिकारीची मासिकं असतात. तो पहिल्यांदा विचारत होता ना, तिकडे कसं चाललंय, नोकरी कशी आहे. मला काय सांगावं सुचेना. लायब्ररीतून आणलेलं मासिक समोर होतं.” मग म्हणाला, “सांगलीला पण माहीत नाही. त्याला सांगू नका.”

फोन ठेवल्यावर मी चहा टाकला. मला मित्राचा राग आला. प्रोजेक्ट इंजिनियर माणूस, आणि तिथे खोकी लावतोय. पण हे नवऱ्याला सांगितलं तर तो पाऊल उचलणार नाही, हेही लख्ख दिसत होतं. आणि नाही सांगितलं तर मी त्याला डोळे बांधून त्या गोदामात पाठवणार होते. चहा घेऊन आत गेले तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. त्याच्या कपाळावरची ती पट्टी बघितली आणि तोंडातून सगळं बाहेर पडलं.

तो उठून बसला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “माहितेय मला.”

“काय माहितेय?”

“शिकार नाही ते. अगं, दोन वर्षं शिकारीला जातो म्हणतो आणि एक फोटो नाही? आपला माणूस दुसऱ्याच्या गाडीवर हात ठेवून फोटो काढतो आणि गावाला पाठवतो. याने अस्वल मारलं असतं तर सांगलीत फ्रेम लागली असती.”

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. “मग वर्षभर हे काय चाललंय? रायफल, मासिकं, त्या माणसांची भांडणं?”

“फोन आला की पहिली दोन मिनिटं त्याला बोलताच येत नाही. घसा खाकरत राहतो. रायफल काढली की बोलतो. मग तासभर हसतोसुद्धा. पण विचारायला दर वेळी नवीन काहीतरी लागतं ना, म्हणून मासिकं आणली.”

“आणि आजचं? ती मॅग्नम?”

“गेल्या शुक्रवारी त्याने विचारलं, धक्का कसा असतो रे, तुला काय वाटतं? त्याने कधी हातात धरलेली नाही. म्हटलं, कोणीतरी झाडून सांगायला हवं.”

मला इतका संताप आला की काय करावं कळेना, आणि त्याच वेळी त्या वेड्या माणसाला जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मी विचारलं, “म्हणून तिकिटं काढत नव्हता?”

“तिथे काय आहे ते मला कळलं होतं. तुला सांगितलं असतं तर तुझा जीव तुटला असता. नाही म्हणवत नव्हतं, हो म्हणवत नव्हतं.” मग पट्टीला हात लावत म्हणाला, “तू सांग. तू म्हणालीस तर काढतो उद्या.”

“आणि खोकी उचलावी लागली की माझ्या नावाने बोटं मोडाल.”

“मोडीन,” तो म्हणाला. “पण उचलीन.”

रविवारी आम्ही तिकिटं काढली, मार्चच्या तिसऱ्या आठवड्याची.

पुढच्या शुक्रवारी ठरलेल्या वेळी फोन वाजला. नवरा उठायच्या आत मी रिसीव्हर उचलला. मित्राचं ते घसा खाकरणं ऐकू आलं, आणि वर्षभर मी तिथेच बसून ते कसं ऐकलं नाही याचं मला नवल वाटलं.

“भाऊजी,” मी म्हटलं, “आम्ही मार्चमध्ये येतोय. तिघंही. यांना मॅग्नम काही झेपत नाही, ते कळलं. आता थर्टी ऑट सिक्स घ्यायची की थ्री नॉट एट, ते तुम्ही सांगा, म्हणजे हा विषय माझ्या घरातून एकदाचा जाईल.”

नवरा माझ्याकडे बघत उभा होता. मग पलीकडून, मी त्याच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या साध्या आवाजात, मित्र म्हणाला, “वहिनी, रायफल राहू दे. एक खोली आहे माझ्याकडे. बारीक आहे, पण गरम असते. तुम्ही थेट तिथेच या.”