काचेची लोकर की फोम

आखातातल्या अल थुमामाच्या आमच्या घरात ऊन थांबवायला फॉल्स सीलिंगच्या वर काय भरायचं, ते ठरवायला एक कारागीर आला होता. साताऱ्याकडचा होता, नाव विचारायचं राहूनच गेलं. काचेची लोकर आणि फोमचा तुकडा आळीपाळीने कानाशी धरून तो डोळे मिटून उभा राहिला.

“ताई, ऊन दोन्ही अडवत्यात. पण लोकर आवाज बी अडवती. फोमच घ्या. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला स्टेडियमचा आवाज घरात आला पायजे.”

पलीकडच्या त्या स्टेडियमच्या छपरावर त्याने दोन वर्षं काम केलं होतं.

“तुम्ही जाणार ना बघायला?”

“आमचं काम खलास, ताई. तवा मी गावी.”

आम्ही फोम बसवला. सामन्याच्या संध्याकाळी छतातून गलका हळूहळू झिरपत आला. मी टीव्ही बंद केला आणि डोळे मिटून त्याच्याही वाटणीचं ऐकत राहिले.